‘फिल्म सेफ’ म्हणजे किती सेफ?

“सर, अंकासाठी काहीतरी लिहा, पण सिलॅबसमधलं नको,” अशी अट घालून आपल्या विद्यार्थी संपादकांनी माझ्याकडून लेख मागितला. अट मान्य केली खरी, पण पाळता येईल असं वाटत नाही. कारण जे सांगायचं आहे त्यात फर्स्ट इयरचं ड्रॉइंग आहे, बारावीची केमिस्ट्री आहे आणि थोडं फिजिक्सही आहे. तेव्हा आधीच माफी मागून टाकतो. परीक्षेत मात्र यातलं काही येणार नाही, एवढी खात्री देतो.

मी २००१ ते २००५ या काळात इथल्याच हॉस्टेलला होतो. तेव्हा फोटो काढणं हे खर्चाचं आणि जबाबदारीचं काम होतं. छत्तीस फोटोंचा एक रोल, तो धुण्याचे पैसे वेगळे, आणि प्रत्येक प्रिंटचे पुन्हा वेगळे. आमच्या विंगची लोणारची ट्रिप निघाली, तेव्हा बारा जणांनी वर्गणी काढून एक रोल घेतला. हिशेब सोपा होता, माणशी तीन फोटो. बेसॉल्टच्या खडकात उल्का आदळून तयार झालेलं, जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं ते विवर समोर पसरलेलं, पण नुसत्या विवराचा फोटो काढायला एकही जण तयार नव्हता. कारण त्यात आपण नसतो ना! शेवटी ज्याच्या गळ्यात कॅमेरा होता त्यानेच स्वतःच्या कोट्यातला एक फोटो सरोवराला दिला. आज तुम्ही मेसच्या भाजीचे चार फोटो काढून चारही डिलीट करता. तेव्हा बोटाखालचं बटन दाबण्याआधी माणूस श्वास रोखायचा.

माझ्या बाबतीत या फोटोच्या वेडाचं मूळ खामगावात होतं. माझ्या मामांचा तिथे फोटो स्टुडिओ होता. खामगावला रजतनगरी म्हणतात हे आपल्या भागात सगळ्यांनाच माहीत आहे. मामा गमतीने म्हणायचे, “सराफा गल्लीवाले चांदी विकतेत, आपन चांदीवर तोंडं छापतो.” ही नुसती गंमत नव्हती. फिल्मवरचा थर म्हणजे जिलेटिनमध्ये मिसळलेले सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या क्षारांचे बारीक बारीक कण. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हमध्ये जे काळं दिसतं ती चक्क चांदीच असते. उरलेली, उजेड न लागलेली चांदी हायपोच्या पाण्यात विरघळून निघते. म्हणून वापरलेला हायपो मामा कधी मोरीत ओतायचे नाहीत. कॅनमध्ये साठवायचे आणि विकत घेणारा माणूस ठरलेला होता. दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रे फिल्म भंगारवाले का मागतात, याचंही उत्तर हेच.

मामांच्या डार्करूममध्ये मी लहानपणापासून लुडबुड करायचो. लाल बल्ब, ट्रेमध्ये हळूहळू वर येणारा चेहरा आणि त्या केमिकलचा आंबट वास. उटीच्या सरकारी कारखान्यातली ‘इंदू’ फिल्म त्यांनी बरीच वर्षं वापरली. तो कारखाना आता बंद पडला. पुढे कलर आलं आणि कलरचे रोल अकोल्याच्या लॅबला जाऊ लागले, तरी पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या ऑर्डरींवर स्टुडिओ चालत होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. फेब्रुवारी २००३ मध्ये माझ्या आजीचं, म्हणजे मामांच्या आईचं, सहस्रचंद्रदर्शन झालं. मी तेव्हा चौथ्या सेमिस्टरला होतो. घरात एवढा फोटोग्राफर असून त्या दिवशी कॅमेरा कोणाकडे, हा प्रश्न उभा राहिला. मामा मुलगा म्हणून पाटावर बसणार होते. स्टुडिओतला त्यांचा मदतनीस पोऱ्या लग्नाच्या ऑर्डरवर गेला होता, कारण तारीख लग्नसराईतली होती आणि घेतलेली सुपारी मोडायची नाही हा मामांचा नियम. तेव्हा अमेरिकेहून आलेला माझा मावसभाऊ पुढे झाला. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याच्याकडे चांगला एसएलआर कॅमेरा होता आणि येताना त्याने ८०० स्पीडचे तीन रोल आणले होते. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, फ्लॅश डोळ्यावर आला की ती तोंड फिरवायची. घरातल्या उजेडात, फ्लॅशशिवाय फोटो काढायचे तर फास्ट फिल्मच हवी. दादाची निवड अगदी बरोबर होती, मामांनीही मान डोलावली.

कार्यक्रम छान झाला. एक्क्याऐंशी दिव्यांनी आजीला ओवाळलं. आजीने मामांच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा मामांसारखा कडक माणूस रडला. माहेरची, सासरची, गावची मिळून दीडेकशे माणसं जेवली. दादाने दोन रोल पूर्ण संपवले आणि तिसरा अर्धा झाला. दुसऱ्याच दिवशी त्याला शेगावहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठायची होती. मामा म्हणाले, “रोल इथंच ठेव, मी अकोल्याहून धुऊन आनतो.” दादा म्हणाला, “मामा, तिकडे धुतले की सीडी पण मिळते, सगळ्यांना मेल करता येईल.” मामा काही बोलले नाहीत. मोठ्या माणसाने एकदा सांगावं, दोनदा सांगू नये, अशी त्यांची रीत.

महिनाभराने दादाचा फोन आला. दोन्ही भरलेले रोल खराब झाले होते. जवळजवळ प्रत्येक फोटोवरून पांढुरकी लाटेसारखी पट्टी गेलेली. ओवाळणीच्या फोटोत आजीचा चेहरा नेमका त्या पट्टीखाली. तिसरा, अर्धा रोल मात्र चांगला निघाला होता. दादा लॅबवाल्याशी कडाक्याचा भांडून आला होता. लॅबवाल्याने कटकट नको म्हणून पैसे परत केले आणि वर एक कोरा रोल फुकट दिला. इकडे घरात मावशी म्हणाली, कॅमेऱ्यातच दोष असेल. कोणी म्हणालं, मामांकडे ठेवले असते तर असं झालं नसतं. मामांनी एवढंच सांगितलं, “निगेटिव्ह पाठव. पाहतो मी.”

ओळखीचं एक कुटुंब उन्हाळ्यात भारतात येत होतं, त्यांच्याबरोबर निगेटिव्ह आले. धुतलेल्या निगेटिव्हला एक्स-रेचं काही होत नाही, कारण त्यात उजेडाला प्रतिसाद देणारे क्षार उरलेलेच नसतात. कलर निगेटिव्हमधून तर सगळी चांदी काढून घेतलेली असते, उरतात फक्त रंग. त्यामुळे येताना काळजी नव्हती. मी शनिवारी हॉस्टेलमधून निघून खामगावला गेलो. मामांनी लाइट-बॉक्सवर तिन्ही रोलच्या पट्ट्या क्रमाने मांडल्या होत्या आणि डोळ्याला भिंग लावून बसले होते.

पुढचा अर्धा तास मी जे पाहिलं, ते मला नंतर कुठल्याच व्हायव्हात पाहायला मिळालं नाही. मामा दहावी शिकलेले. पण त्यांनी एकेक संशयित घेतला आणि पुराव्याने सोडून दिला.

“हे पाय. काठावर कंपनीनं छापलेले आकडे. कसे आहेत?” मी म्हटलं, स्वच्छ आहेत. “मंग धुलाई बरोबर झाली. धुलाई बिघडली असती तं हे आकडे पन बिघडले असते.” मग त्यांनी तिसरा रोल पुढे सरकवला. “हा तिसरा त्याच लॅबमधला, त्याच दिवसचा, त्याच मशीनमधला. हा कसा काय चांगला? लॅबवाल्याचा काही दोष नाई.”

मग कॅमेऱ्याची पाळी. “कॅमेऱ्याच्या पाठीतून उजेड घुसला असता, तं या छिद्रांच्या सावल्या पडल्या असत्या. इथं सावली दिसते का तुले? आन् पट्टा दोन फोटोंच्या मधल्या जागेतून पन गेला, छिद्रांवरून पन गेला. म्हंजे हे फोटो काढताना झालं नाई. रोल डबीत गुंडाळून बंद होता, तवा झालं.”

डबी बंद, म्हणजे उजेड आत शिरणं शक्य नाही. मग आत शिरलं काय? आणि इथे, मित्रांनो, फर्स्ट इयरला ज्या विषयाला मी मनापासून शिव्या दिल्या होत्या तो कामाला आला. त्या पट्टीचा आकार मी ओळखीचा म्हणून बघत होतो. वर, खाली, वर, खाली, अगदी साइन वेव्ह. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’ची शीट आठवते ना? सिलिंडर तिरका कापला आणि त्याचा पृष्ठभाग उलगडून सपाट केला, की कापलेली कड साइन कर्व्ह होते. कागदाची गुंडाळी करून सुरीने तिरकी कापा आणि उलगडून बघा, मेसमध्येही करता येईल. म्हणजे या गुंडाळलेल्या रोलमधून काहीतरी सरळ, पातळ चकतीसारखं, तिरकं आरपार गेलं होतं. रोल उलगडला तेव्हा त्याची लाट झाली.

मी मामांची फूटपट्टी घेतली आणि एका लाटेपासून दुसऱ्या लाटेपर्यंतचं अंतर मोजायला लागलो. पहिल्या फोटोंच्या बाजूला ते सहा सेंटीमीटरच्या जवळ होतं. पुढे कमी होत होत शेवटच्या फोटोंकडे चारच्या आसपास आलं. हेही जुळत होतं. छत्तीस फोटोंची फिल्म लांबीला एक मीटर साठ सेंटीमीटरच्या आसपास असते. ती डबीतल्या दांडीवर गुंडाळली की बाहेरच्या वेढ्याचा व्यास साधारण दोन सेंटीमीटर, म्हणजे परीघ सहाच्या थोडा वर. सगळ्यात आतल्या वेढ्याचा परीघ चारच्याही थोडा आत. रिवाइंड केलेल्या रोलमध्ये पहिला फोटो बाहेरच्या वेढ्यात असतो आणि छत्तिसावा दांडीजवळ. प्रत्येक लाट म्हणजे एकेक वेढा होता. मी मामांना हे सांगितलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “म्हंजे तुझ्या कॉलेजची फी वाया नाई गेली लेका.” आयुष्यात मिळालेल्या सर्टिफिकेटांत हे मी फार वर ठेवतो.

बंद डबीतून आरपार जाणारं ते काय, हे आता उघड होतं. दादाला फोन लावला. भरलेले दोन रोल त्याने मोठ्या बॅगेत, म्हणजे चेक-इनच्या सामानात टाकले होते. अर्धा रोल कॅमेऱ्यात होता, कॅमेरा खांद्यावर होता, आणि तो केबिन बॅगेच्या एक्स-रे मशीनमधून जितक्यांदा सांगितलं तितक्यांदा गेला होता. मोठ्या बॅगेत का टाकले? दादा म्हणाला, “अरे, एका एअरपोर्टवर मशीनवरच बोर्ड होता, फिल्म सेफ म्हणून. म्हटलं एक मशीन सेफ, तर दुसरंही असणारच.”

तो बोर्ड खोटा नव्हता. फक्त तो दुसऱ्या यंत्राचा होता.

कॉम्प्युटर सेंटरमध्ये अर्ध्या तासाचा इंटरनेट स्लॉट मिळायचा. तसे तीन-चार स्लॉट खर्चून मी जे वाचलं, आणि नंतर शिकवता शिकवता जे समजलं, ते थोडक्यात सांगतो.

एक्स-रे आणि फोटोची फिल्म यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं. राँटजेनने ८ नोव्हेंबर १८९५ ला हे किरण पाहिले आणि त्याच डिसेंबरमध्ये पत्नीच्या हाताचा फोटो काढला, हाडं आणि बोटातली अंगठी दिसणारा. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, बेकरेलने काळ्या कागदात गुंडाळलेली प्लेट युरेनियमच्या क्षाराखाली ठेवली आणि ती धुतल्यावर काळी पडलेली निघाली. रेडिओॲक्टिव्हिटीचा शोध लागला तो खराब झालेल्या प्लेटमुळे! १९४५ मध्ये अमेरिकेत पहिला अणुस्फोट झाला, त्यानंतर कोडॅकच्या एक्स-रे फिल्मवर ठिपके येऊ लागले. शोध घेतला तर पॅकिंगचा पुठ्ठा शेकडो मैल दूरच्या इंडियाना राज्यातल्या गिरणीतला निघाला. स्फोटाची धूळ तिथपर्यंत पोचली होती आणि गिरणीच्या पाण्यातून पुठ्ठ्यात उतरली होती. फिल्म ही अशी साक्षीदार आहे. तिला गप्प बसता येत नाही.

याचं कारण त्या चांदीच्या कणांत आहे. साध्या उजेडाने एक कण ‘जागा’ व्हायला चार-दोन फोटॉन तरी पचावे लागतात. एक्स-रेच्या फोटॉनमध्ये ऊर्जा इतकी जास्त की एकच शोषला गेला तरी कण कामाला लागतो. डेव्हलपर पुढे त्या कणातल्या दोन-चार चांदीच्या अणूंचं रूपांतर पूर्ण काळ्या कणात करतो. फास्ट फिल्ममध्ये हे कण मोठे असतात, म्हणून ती कमी उजेडात चालते, आणि म्हणूनच ती एक्स-रेलाही लवकर बळी पडते. आजीच्या डोळ्यांना जपणारी फिल्म त्याच गुणामुळे सगळ्यात नाजूक होती.

आता यंत्रं. केबिन बॅगेचं जुन्या पद्धतीचं यंत्र बॅगेवरून एक्स-रेचा पातळ पडदा एकदाच फिरवतं. अमेरिकेत एका फेरीसाठी एक मिलिराँटजेन ही रेघ आखलेली होती. त्याच्यावर गेलात तर ‘सगळी फिल्म काढून घ्या’ असा बोर्ड लावा, आणि त्याच्या आत असलात तरी फास्ट फिल्म आणि एक्स-रे फिल्म वेगळी काढायला सांगा, असा तिथला नियम. चेक-इनच्या सामानासाठी मात्र वेगळं यंत्र आलं. दवाखान्यात असतो तोच सीटी स्कॅन, फक्त पेशंटच्या जागी बॅग. असं पहिलं यंत्र, सीटीएक्स ५०००, अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने १९९४ मध्ये मंजूर केलं. ते आधी बॅगेचं साधं चित्र घेतं, संशयाच्या जागा निवडतं आणि तिथे साधारण एक सेंटीमीटर रुंदीचा तीव्र झोत सोडून चकतीसारखे काप बघतं. त्या पट्ट्यात पडणारा डोस शंभर मिलिराँटजेनच्या पुढे जातो. आमच्या लाटेची चकती ती हीच.

आणि तारीख बघा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत कायदा झाला की २००२ च्या अखेरपर्यंत चेक-इनच्या प्रत्येक बॅगेची स्फोटकांसाठी तपासणी व्हायला हवी. आजीचा कार्यक्रम त्यानंतर दोनच महिन्यांनी झाला. आपल्याकडेही डिसेंबर १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे जाऊ लागली होती. ती सगळी तपासणी माणसांचे जीव वाचवण्यासाठी होती, आणि तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. स्फोटकं शोधणाऱ्या यंत्राने आजीचा रोल ओळखावा, ही अपेक्षाच चुकीची. प्रश्न फक्त एवढाच की ‘सेफ’ हा शब्द एका यंत्रावर लिहिलेला होता आणि माणसाच्या मनात तो सगळ्या यंत्रांना चिकटला.

मामांनी मात्र हे सगळं ऐकून पहिली गोष्ट वेगळीच केली. दादाला म्हणाले, “त्या लॅबवाल्याले फोन कर. सांग त्याले का तुझा काही दोष नव्हता. पैशे पन परत दे.” दादा म्हणाला, मामा, आता त्याला आठवतही नसेल. मामा म्हणाले, “त्याले आठवन असंनच. फोटोवाला विसरत नाई.” नंतर मला कळलं, की एका लग्नाचा रोल लॅबमध्ये खराब झाला आणि पाहुण्यांनी मामांना चारचौघांत बोल लावले होते, तो प्रसंग मामांच्या मनातून कधी गेला नव्हता. दादाने फोन केला. पैसेही पाठवले.

खराब दोन रोलमधून मामांनी पट्ट्यांच्या मधले जेवढे तुकडे वाचत होते तेवढे प्रिंट करून आणले. आजीचा हात आणि खाली मामांचं डोकं. चेहरा नाही. समया, आणि त्यांच्या मागे कोणाचा तरी पदर. पुढच्या वर्षी आजी गेली. ओवाळणीचा पूर्ण फोटो आमच्या घरात कोणाकडेच नाही.

पण अर्धा रोल होता ना! त्यात कोणी महत्त्वाचं म्हणून काढलेलं काहीच नव्हतं. कार्यक्रम संपल्यावरचे, रोल संपवायचा म्हणून काढलेले ते फोटो. अंगणातली चपलांची रास, पातेली घासणाऱ्या मावशा, पोत्यावर झोपलेलं पोरगं. आणि एका फोटोत आजी. सगळा थाट उतरवून, पदर खोचून, ओट्यावर पाय पसरून बशीतून चहा पितेय. तिला माहीतच नाही कोणी बघतंय. आज मामांच्या घरी भिंतीवर हार घातलेला फोटो तोच आहे. आलेले पाहुणे विचारतात, बशीतला चहा पितानाचा फोटो का लावला? मामा सांगतात, हाच हातातल्या बॅगेतून गेला होता.

तुम्ही म्हणाल, सर, आता कोण रोल वापरतो? पण गेल्या काही वर्षांत तुमच्यातलेच काही जण घरातल्या माळ्यावरचे जुने कॅमेरे काढून रोल शोधत फिरताना मी पाहिले आहेत. मागच्या वर्षी एकाने माझ्या केबिनमध्ये येऊन विचारलं, की कॅमेऱ्यात आजोबांचा रोल तसाच आहे, तो धुवायला विमानाने न्यायचा, काय काळजी घेऊ? त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

फिल्म चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकायची नाही, भरलेली नाही आणि कोरीही नाही. हातातल्या बॅगेत, पारदर्शक पिशवीत, डब्यांवरचे आकडे दिसतील अशी ठेवायची. रांगेत घाई सुरू होण्याआधी नम्रपणे विनंती करायची, की हे हाताने तपासता का. अमेरिकेत अशी विनंती करण्याची सोय नियमातच आहे. इतरत्र निर्णय समोरच्या अधिकाऱ्याचा, तो मान्य करायचा. जुन्या पद्धतीच्या यंत्रातून कमी स्पीडची फिल्म एक-दोनदा गेली तर सहसा काही दिसत नाही. पण फिल्म प्रत्येक फेरी लक्षात ठेवते. अटेंडन्ससारखी बेरीज होत जाते, मधल्या सुट्टीत शून्य होत नाही. शिशाच्या पिशवीचा फारसा भरवसा धरू नका. पडद्यावर काळा ठोकळा दिसला की बॅग पुन्हा फिरवतात किंवा उघडतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गेल्या काही वर्षांत जगातल्या अनेक विमानतळांवर केबिन बॅगेसाठीसुद्धा सीटी यंत्रं बसू लागली आहेत, आपल्याकडेही येऊ लागली आहेत. त्यांच्यातून कुठल्याही स्पीडची न धुतलेली फिल्म नेऊ नका, असं फिल्म बनवणारेच सांगतात. ओळखायची एक खूण म्हणजे, ‘लॅपटॉप बॅगेतच राहू द्या’ असं सांगितलं तर सावध व्हा. प्रवाशाला सोयीचं झालेलं यंत्र फिल्मला जास्त जड जातं. तेव्हा ‘मागच्या वेळी काही झालं नाही’ हा अनुभवसुद्धा जुन्या बोर्डाइतकाच दुसऱ्या यंत्राचा असू शकतो. मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह आणि आईने दिलेले लाडू यांना मात्र काही होत नाही. लाडवांना धोका रूममेटपासून असतो.

शिकवताना मी आता एक सवय लावून घेतली आहे. लॅबमध्ये कोणी म्हणालं, “सर, हे सेफ आहे,” तर मी विचारतो: किती? कशासाठी? कितव्यांदा? ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर नुसतं ‘चांगला’ असं लिहिलेलं असतं का? व्होल्टेज, केव्हीए, तापमान, सगळे आकडे असतात. कारण कोणीतरी कधीतरी जास्त लोड टाकून तो जाळलेला असतो. ‘सेफ’ हे अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं आकड्यांत असतं आणि ते वाचायचं काम इंजिनिअरचं. तुम्ही उद्या कुठल्यातरी यंत्रावर असा बोर्ड लावाल. लावताना तो कोणत्या यंत्राचा, कोणत्या मर्यादेपर्यंतचा, हेही लिहा. वाचणारा माणूस घाईत असतो, आणि त्याच्या बॅगेत काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

असो. ज्याने आजोबांचा रोल नेला होता, त्याचे सतरा फोटो निघाले. एकाही फोटोवर लाट नाही. तो रेल्वेने गेला होता.